शोभेची कूलिंग रिंग आणि कामाचा स्कूप: जुन्या बुलेटच्या पुढच्या ब्रेकच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२३

गाडी १९७२ ची बुलेट ३५० आहे. ती मूळची माझ्या थोरल्या काकांची असून गेली अकरा वर्षे माझ्याकडे आहे. गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला ही जुनी मांडणी तशीच आहे, पुढचे चाक मात्र मूळचे नाही. काकांनी १९९५ च्या सुमारास नंतरच्या मॉडेलचे ७ इंची ड्रमचे चाक बसवून घेतले आणि मूळचे लहान ड्रमचे चाक पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकले. ७ इंची ड्रमच्या ब्रेकला दोन शू (ड्रमला आतून दाबले जाणारे कमानीसारखे तुकडे) आणि ते बाहेर ढकलणारे दोन कॅम आहेत, म्हणजे तो ट्विन लीडिंग शू प्रकारचा आहे. ड्रम फिरताना दोन्ही शू त्याच्याबरोबर ओढले जाऊन आणखी घट्ट बसावेत, अशी त्याची रचना असते.

तक्रार अशी की, सिंहगडाचा घाट उतरताना निम्म्या वाटेवरच लिव्हर मुठीच्या जवळ येऊ लागते आणि खालच्या नाक्याशी पोहोचेपर्यंत चारही बोटांनी ओढूनही गाडी तिच्या मर्जीने थांबते. हबला, म्हणजे ड्रम असलेल्या चाकाच्या मधल्या भागाला, हात लावला तर चटका बसतो. त्यावरून ब्रेक तापतो म्हणून लागत नाही, असे मी ठरवून टाकले आणि ब्रेक थंड करणाऱ्या वस्तूंच्या शोधाला लागलो.

दोन वस्तू घेतल्या. पहिली म्हणजे ॲल्युमिनियमची पॉलिश केलेली, कडेने पंख्यासारखी पाती काढलेली आणि डिस्कसारखी भोके पाडलेली 'कूलिंग रिंग', जी हबच्या मोकळ्या बाजूवर तीन पट्ट्यांनी बसते. तिला २,२०० रुपये पडले. दुसरा म्हणजे ब्रेक पॅनेलवर (ड्रम झाकणाऱ्या आणि शू धरणाऱ्या ताटलीवर) पुढच्या अंगाला बसणारा ओतीव स्कूप, म्हणजे हवा आत घ्यायचे तोंड, किंमत ६५० रुपये. स्कूपच्या तोंडाला सुंदर जाळी आहे, पण मागची बाजू सपाट आणि बंद आहे. तो चिकटपट्टीने पॅनेलवर डकवायचा. हवा कुठे जाणार, असे मी दुकानदाराला विचारले, तेव्हा "साहेब, त्याच्यावरून हवा गेली तरी थंडच होतं ना" असे उत्तर मिळाले, आणि मीही ते ऐकून घेतले.

शिवाय १,३५० रुपयांचा पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला. स्पर्शाने तपासण्यापेक्षा आकडे बरे.

१९ नोव्हेंबर २०२३

दिवाळीमुळे मधला आठवडा गेला. आज अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना असल्यामुळे रविवार असूनही दुपारी सिंहगडाचा रस्ता रिकामा होता. एरवी रविवारी तिथे मोजमाप सोडाच, गाडी सरळ उतरवणेही कठीण. दोन फेऱ्या केल्या. दोन्ही वेळा वरच्या वाहनतळापासून नाक्यापर्यंत तिसऱ्या गिअरमध्ये, वेग ३५ च्या आसपास राखत, मुख्यतः पुढच्याच ब्रेकवर उतरलो. हा गिअर मुद्दाम निवडला. घाट उतरायचा योग्य गिअर दुसरा, आणि चाचणी नसेल तेव्हा मी तोच ठेवतो.

पहिली फेरी रिंगशिवाय केली, तेव्हा खाली उतरल्यावर हबच्या बाहेरच्या बाजूवर ५८ अंश दिसले. नंतर रिंग चढवून पुन्हा वर जाऊन उतरलो. त्याच बाजूला, म्हणजे आता रिंगवर, ३१ अंश. सत्तावीस अंशांचा फरक! नाक्यावरच्या माणसालाही मी तो आकडा दाखवला. घरी पोहोचेपर्यंत सामन्याचे जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे, पण माझी संध्याकाळ आनंदात गेली.

एकच गोष्ट खटकली. ब्रेक दोन्ही वेळा सारखाच वाईट लागत होता.

२६ नोव्हेंबर २०२३

आठवडाभर तो ३१ चा आकडा डोक्यात घोळत होता. हवाच त्या दुपारी २८ अंश होती. मग घाट उतरलेल्या हबला चिकटलेली रिंग हवेपेक्षा तीनच अंश गरम कशी? आज स्वयंपाकघरात उलगडा झाला. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात पाणी उकळत होते. पातेल्याचा एका बाजूचा भाग घासून लख्ख झालेला होता आणि दुसऱ्या बाजूला आचेने काळे पडलेले कीट बसलेले होते. थर्मामीटर काळ्या भागावर धरला तर ९५ दाखवतो, चकचकीत भागावर धरला तर ३८. पातेले एकच, पाणी एकच, बुडबुडे सगळीकडून येत आहेत.

कारण साधे आहे. हे यंत्र पृष्ठभागातून बाहेर पडणारे उष्णतेचे किरण मोजते, आणि चकचकीत धातू ते फार कमी सोडतो. उलट समोरच्या भिंतीचे, आभाळाचे, माझ्या शर्टाचे किरण आरशासारखे परत फेकतो. म्हणजे मी रविवारी रिंगचे तापमान मोजलेच नव्हते, रिंगमध्ये पडलेले आजूबाजूचे प्रतिबिंब मोजले होते. रिंगशिवायचे ५८ देखील खोटे, कारण हबसुद्धा उघड्या ॲल्युमिनियमचाच आहे, फक्त मळकट असल्यामुळे तो थोडे कमी खोटे बोलला. ज्यांना असे मोजमाप करायचे आहे त्यांनी ही चूक टाळावी. माझा पूर्ण एक रविवार आणि दोन फेऱ्यांचे पेट्रोल त्यात गेले.

उपाय म्हणून हबच्या मधल्या भागावर, म्हणजे स्पोकांच्या दोन रांगांच्या मधोमध, बरोबर आतल्या बिडाच्या लायनरच्या वर, रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका सायलेन्सरच्या काळ्या मॅट रंगाने रंगवला. आधी काळी इन्सुलेशन टेप लावून पाहिली होती, पण गरम झाल्यावर तिचा चीक वितळून ती सरकते.

१० डिसेंबर २०२३

या आठवड्यात तीन दिवस पहाटे गेलो. हवेचे तापमान रोज वेगळे असल्यामुळे आता फक्त हवेपेक्षा हब किती अंशांनी जास्त तापला, तेवढेच लिहितो. प्रत्येक आकडा दोन फेऱ्यांचा मध्य आहे. खाली पोहोचल्यावर एका मिनिटाच्या आत मोजले.

काहीही न लावता वाढ ७३ अंश. रिंग लावून ७४. बंद स्कूप डकवून ७३.

रिंगला न्याय मिळावा म्हणून आणखी एक प्रयोग केला. ती हबला फक्त तीन पट्ट्यांच्या टोकांशी टेकते आणि बाकी सर्वत्र जवळजवळ दोन मिलिमीटरची फट राहते, त्यामुळे हबची उष्णता पात्यांपर्यंत पोहोचायला वाटच नाही. पट्ट्या घासून फट कमी केली, दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने साफ केले आणि उरलेल्या फटीत संगणकाच्या प्रोसेसरला लावतात ती थर्मल पेस्ट भरली (२५० रुपये, आणि हात धुवायला अर्धा तास). वाढ ६९ झाली. म्हणजे नीट टेकवली तर रिंग थोडे काम करते, पण चार अंशांसाठी ६४० ग्रॅम वजन चाकावर वागवावे लागते. दुसऱ्याच दिवशी पेस्ट ओघळून स्पोकांवर आली आणि त्यावर धूळ बसून राखाडी चिखल झाला. रिंग काढली.

स्कूपबद्दल एक गोष्ट नोंदवायला हवी. ही वस्तू मुळात थट्टेची नाही. ट्रायम्फच्या ६५० सीसी गाड्यांना १९६८ साली ८ इंची ट्विन लीडिंग शू ब्रेक आला तेव्हा त्याच्या पॅनेलवर पुढे तोंड असलेला, जाळी लावलेला खरा स्कूप होता; सुझुकीच्या जीटी ७५० च्या पहिल्या मॉडेलला तर पुढच्या हबच्या दोन्ही बाजूंनी ब्रेक होते आणि हवा घ्यायची तोंडेही होती. १९६९ साली होंडाने सीबी ७५० ला पुढे डिस्क दिली आणि हळूहळू बाकीचेही तिकडे वळले. काम संपल्यावर आकार मागे राहिला, आणि माझ्या हातात आलेला ६५० रुपयांचा तुकडा त्या आकाराचीच नक्कल होती.

२४ डिसेंबर २०२३

आज अखेर चाक उतरवले. हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते, असे लिहिताना संकोच वाटतो.

पॅनेल बाहेर काढले तेव्हा पुढच्या कॅमच्या शूवर मध्यभागी तीन बोटे रुंदीचा काचेसारखा चकाकणारा पट्टा दिसला. दोन्ही टोकांना लायनिंग (शूवरचा घासणारा थर) न वापरल्यासारखे, चकाकी नसलेले. दुसऱ्या शूवर घासल्याची खूणच नव्हती. त्यावर गेल्या मालकाने, म्हणजे काकांनी किंवा त्यांच्या मिस्त्रीने, पेन्सिलीने काढलेला बाण तसाच्या तसा होता. म्हणजे जवळजवळ तीस वर्षे हा दोन शूंचा ब्रेक एकाच शूच्या मधल्या तीन बोटांवर चालला होता. तेवढ्याच तुकड्यावर सगळा भार पडल्याने तो भाजून काचेसारखा झाला आणि त्याने पकड सोडली. उष्णता तिथे होती, पण आजाराचे मूळ ती नव्हती.

दुसरा शू का लागत नव्हता, तेही समजले. दोन कॅमच्या हातांना जोडणारी दांडी तीन-चार आटे जास्त लांब होती, त्यामुळे पहिला शू ड्रमला पूर्ण दाबला गेला तरी दुसरा कॅम नुकताच हलायला सुरुवात करत होता.

साफसफाई करताना घेतलेली काळजी लिहून ठेवतो. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चालावे. ड्रममधली भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, झाडूही नये. मी ओल्या फडक्याने पुसली, फडके पिशवीत बांधून टाकून दिले.

७ जानेवारी २०२४

नवे लायनिंग शूवर चिकटवून घेतले (दोन्ही शूंचे मिळून ६०० रुपये). ड्रम मोजला तर तो एका दिशेला दुसऱ्यापेक्षा पाव मिलिमीटर मोठा होता. ड्रम टर्न करायचा, म्हणजे लेथवर आतून कापून गोल करायचा, म्हणून चाकाचे स्पोक सोडवले, नुसता हब घेऊन जवळच्या लेथवाल्याकडे गेलो आणि ४०० रुपये देऊन तो अगदी गोल करून आणला. चाक पुन्हा बांधले, स्पोक ताणले, पॅनेल बसवून चाक फिरवले, तर प्रत्येक फेरीला दोनदा घासल्याचा आवाज. पुन्हा मोजले तेव्हा ड्रम परत लंबगोल झालेला.

स्पोकांच्या ताणाने हब ओढला जातो, हे मला माहीत नव्हते. ड्रम टर्न करायचा तो चाक बांधून, रिम आणि स्पोकांसह, फक्त टायर उतरवून. १९ इंची चाक मावेल एवढा मोठा लेथ आमच्या भागात कुणाकडे नाही. तीन आठवडे त्यात जातील, असे दिसते.

२८ जानेवारी २०२४

भोसरीत एक वयस्कर टर्नर भेटले, ज्यांच्याकडे मोठा लेथ आहे. चाक आधी स्पोकवाल्याकडून सरळ करून घेतले (३५० रुपये), मग ते त्यांनी बांधलेल्या अवस्थेत चढवले आणि ड्रममधून इतका बारीक थर काढला की खाली पडलेला भुगा चहाच्या पत्तीसारखा दिसत होता. त्यानंतर पॅनेलला शू बसवून, कॅमखाली पत्र्याची बारीक तुकडी देऊन शू किंचित उघडे ठेवले आणि पूर्ण पॅनेल लेथवर फिरवून लायनिंग ड्रमच्या मापाला टर्न केले. हे काम १,२०० रुपयांचे झाले आणि त्याला दुपारचे तीन तास लागले. ड्रमची आणि शूंची गोलाई एक झाल्याशिवाय नवे लायनिंग पुन्हा फक्त मधोमधच टेकते. ते झिजून जुळायला हजारो किलोमीटर लागतात आणि तोवर माणूस ब्रेकला दोष देत राहतो.

दांडी लावण्याची पद्धत अशी ठेवली. दांडी एका टोकाला सुटी करायची. केबलचा कॅम हाताने फिरवून त्याचा शू ड्रमला टेकेपर्यंत आणायचा, तिथेच धरून दुसरा कॅम त्याचा शू टेकेपर्यंत फिरवायचा, आणि मग दांडीची लांबी आटे फिरवून अशी करायची की पिन दोन्ही भोकांतून जोर न लावता जाईल. त्यानंतर ॲक्सलचा नट ढिला करून लिव्हर जोरात ओढून धरायची, म्हणजे पॅनेल ड्रमच्या मध्यावर येते, आणि लिव्हर धरलेली असतानाच नट आवळायचा. यासाठी दुसरा माणूस लागतो. माझ्याकडे भाचा होता.

११ फेब्रुवारी २०२४

लायनिंग बसावे म्हणून दोनशे किलोमीटर शहरात चालवून आज सिंहगडावर पहिली मोजणी केली. कोणतीही कूलिंगची वस्तू नाही.

आकडा पाहून क्षणभर निराश झालो: वाढ ७५ अंश, म्हणजे आधीपेक्षा दोन जास्त. पण ब्रेक पूर्वीचा राहिलेला नाही. दोन बोटांत गाडी थांबते, पहिल्या वळणावर आणि शेवटच्या वळणावर सारखीच. आकडा का वाढला, याचे उत्तर उतरतानाच मिळाले होते: पुढचा ब्रेक भरवशाचा झाल्यामुळे डावा पाय पेडलवर जाणेच बंद झाले होते. घाटाची उंची तीच, गाडीचे वजन तेच. थांबवण्यासाठी जी उष्णता तयार व्हायची ती होणारच, फक्त आता ती बहुतेक पुढच्या ड्रममध्ये जाते.

आजपासून दुसरे माप सुरू केले, ते तापमानापेक्षा मला जास्त पटते. भंगारवाले वापरतात तसला स्प्रिंगचा काटा लिव्हरच्या टोकाला अडकवून १० किलो ओढ द्यायची आणि लिव्हर व मूठ यांच्यात किती अंतर उरते ते पट्टीने मोजायचे. नोव्हेंबरात सहज म्हणून एकदा मोजले होते, तेव्हा थंड असताना ३८ मिलिमीटर आणि घाट उतरल्यावर १४ मिलिमीटर होते. आज थंड असताना ४६ आणि खाली आल्यावर ३७. गरम झाल्यावर ड्रम फुगून शूपासून किंचित दूर जातो, त्यामुळे थोडा फरक राहणारच. पण १४ आणि ३७ यांतला फरक बोटांना कळतो.

इथे थांबलो असतो तरी चालले असते. पण स्कूप पडून होता, आणि खरा स्कूप काय करतो हे पाहायचे होते.

३ मार्च २०२४

मूळ चाक माळ्यावर आहे आणि हे चाक परत काढून ते लावण्याचा मार्ग मला मोकळा ठेवायचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तसे करावेसे वाटले तर गाडीवर कायमचे कापकाम केलेले नको. म्हणून चाकावरचे चांगले पॅनेलही न कापता जुन्या बाजारातून दुसरे पॅनेल १,१०० रुपयांना आणले.

ते आज वाया घालवले. स्कूपच्या मागे ३० मिलिमीटरचे भोक पाडायचे होते. हातातल्या ड्रिलला होल सॉ (गोल भोक कापणारी करवत) लावून पाडू लागलो, तो अडकला, ड्रिल हातातून फिरले आणि भोकाच्या कडेपासून शू जिच्यावर वळतो त्या पिव्हट पिनच्या जाड भागापर्यंत केसासारखी बारीक तडा गेली. वेल्डिंग करून वापरता येईल का, असा विचार मनात आला होता, पण ब्रेक लावताना शूंचा सगळा जोर ज्या पिनवर आणि पॅनेलला फिरण्यापासून रोखणाऱ्या अडणीवर येतो, त्यांच्या लगतची तडा वेल्ड करून पुढच्या चाकावर लावणे हा वेडेपणा ठरेल. पॅनेलवर छिन्नीने फुली मारून भंगारात टाकले, म्हणजे पुढे ते कुणाच्या गाडीला लागणार नाही.

१७ मार्च २०२४

नाना पेठेतून आणखी एक पॅनेल मिळाले, १,३०० रुपये. या वेळी भोक भोसरीच्या त्याच टर्नरकाकांकडून लेथवर पाडून घेतले. पिव्हटपासून आणि अडणीपासून भरपूर अंतर राहील अशी जागा आधी कागदी साच्याने निश्चित केली. स्कूपची बंद मागची बाजू त्यांनी कापली आणि तो ५ मिलिमीटरच्या चार स्क्रूंनी पॅनेलवर पक्का केला. स्क्रूंची आतली टोके ठोकून बंद केली, कारण त्यातला एक जरी सुटून ड्रममध्ये पडला तर चाक अडकेल.

काम झाल्यावर त्यांनी पॅनेल उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "हवा आत घेताय, पण बाहेर कुठून सोडणार?"

मी म्हणालो, ड्रम आणि पॅनेल यांच्या फटीतून जाईल. ते काही बोलले नाहीत.

सिंहगडावर मोजले: वाढ ७३ अंश. पाचशे रुपये मजुरी आणि तीन हजारांच्या वर गेलेला खर्च यांचे फळ दोन अंश. त्यातून स्कूपच्या तोंडाला मी घरच्या चहाच्या गाळणीची जाळी लावली होती. ती इतकी दाट आहे की तोंडावर धरून फुंकर मारली तरी पलीकडे हाताला वारा लागत नाही. गाळणीच्या बदल्यात घरी नवी आणावी लागली, ती खर्चात धरलेली नाही.

३१ मार्च २०२४

टर्नरकाकांकडे परत गेलो. पॅनेलच्या मागच्या अंगाला, प्रवासाच्या दिशेच्या उलट बाजूला, १४ मिलिमीटरची तीन भोके पाडून घेतली. त्यांनी मजुरी घेतली नाही, फक्त "आता बघा" एवढेच म्हणाले. गाळणी काढून तिथे धान्य चाळायच्या चाळणीची रुंद जाळी लावली. जाळी, स्क्रू आणि सीलंट मिळून १८० रुपये.

वाढ ६२ अंश. दोन फेऱ्यांत ६१ आणि ६३. आजवरच्या सर्व प्रयोगांत ज्याला खरा फरक म्हणता येईल असा हा पहिला आकडा आहे. लिव्हरचे माप घाट उतरल्यावर ४० मिलिमीटर, म्हणजे स्कूपशिवायच्या ३७ पेक्षा तीन जास्त. मात्र प्रामाणिकपणे लिहायचे तर गाडी चालवताना मला सिंहगडावर काहीही वेगळे जाणवले नाही. आकडे पाहिले नसते तर स्कूप चालू आहे की बंद, हे मी सांगू शकलो नसतो.

१४ एप्रिल २०२४

लांब उतार हवा म्हणून महाबळेश्वरला मुक्काम करून आंबेनळी घाट दोनदा उतरलो. साधारण १,३५० मीटर उंचीवरून पोलादपूरला कोकणाच्या पातळीवर येईपर्यंत सुमारे ४० किलोमीटर रस्ता जातो आणि प्रतापगडाच्या फाट्यानंतरही उतार संपत नाही. भाचा मागे बसला होता. काल स्कूपच्या तोंडात जुन्या ट्यूबच्या रबराचे बूच घालून उतरलो, आज बूच काढून. गिअर आणि वेग शक्य तितका सारखा ठेवला, तरी एसटी आणि ट्रक यांमुळे दोन फेऱ्या अगदी एकसारख्या होणे शक्य नाही.

काल खाली हबच्या ठिपक्यावर ११८ अंश होते आणि लिव्हरचे अंतर २९ मिलिमीटर. आज १०१ अंश आणि ३७ मिलिमीटर. खाली हवा दोन्ही दिवशी ३६ अंशांच्या आसपास होती. आज पोलादपूरच्या अलीकडे एका वळणावर म्हैस आडवी आली तेव्हा लिव्हर काल जिथे लागत होती त्याच्या कितीतरी आधी लागली. हा फरक मात्र आकड्यांशिवायही कळला.

१६ जून २०२४

पाऊस सुरू झाला आणि स्कूपचा दुसरा स्वभाव समोर आला. बूच पेटीत होते, लावायचे राहून गेले. खडकवासल्याच्या पुढे रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गेलो आणि लगेच ब्रेक लावला, तर काहीच झाले नाही. साबणावरून हात फिरवावा तशी लिव्हर येत राहिली. मी आणखी जोर लावला, आणि लायनिंगवरचे पाणी निघून जाताच ब्रेक एकदम पकडला. दोन्ही शू आपोआप ओढले जाणारा ब्रेक असा पकडतो तेव्हा तो हळूहळू पकडत नाही. चाक घसरले, गाडी दीड फूट आडवी सरकली. मागे कुणी नव्हते आणि वेग वीस-पंचवीसच होता म्हणून पडलो नाही.

घरी येऊन पॅनेल उघडले. आत लाल मातीचा गारा होता, मागच्या तीन भोकांपैकी खालचे एक पूर्ण बुजलेले. ड्रमवर तांबूस गंज चढू लागला होता. पुढच्या आणि मागच्या सर्व तोंडांना ट्यूबच्या रबराची बुचे करून बसवली आणि टाकीवर, किल्लीच्या नजरेसमोर, 'बूच' असा एक शब्द लिहून चिकटवला. आता पाऊस संपेपर्यंत स्कूप फक्त शोभेचा आहे.

त्यातल्या त्यात एक बरे झाले: मागची भोके मी पॅनेलच्या अगदी तळाशी पाडली नव्हती. तिथे असती तर चाकाने उडवलेले पाणी थेट आत गेले असते.

६ ऑक्टोबर २०२४

पाऊस ओसरला म्हणून चाक उतरवून तपासले. दोन्ही शूंवर घासल्याची खूण टोकापासून टोकापर्यंत सारखी आहे, चकाकी कुठेच नाही. बुचांमुळे आत माती शिरलेली नाही. दांडीचा एक आटा आवळावा लागला.

खर्चाचा हिशोब मांडला. रिंग, बंद स्कूप, थर्मामीटर आणि पेस्ट यांचे ४,४५० रुपये. लायनिंग, दोन वेळचे टर्निंग आणि स्पोक यांचे २,५५०; त्यातले ४०० माझ्या चुकीचे. दोन पॅनेल, मजुरी आणि किरकोळ सामान यांचे ३,०८०. एकूण १०,०८० रुपये आणि अकरा महिने. ब्रेक सुधारला तो त्यातल्या २,१५० रुपयांत, आणि ते काम नुसते चाक उतरवून पाहिले असते तर नोव्हेंबरातच झाले असते. स्कूपने सिंहगडापुरते काही दिले नाही, आंबेनळीसारख्या उतारावर दिले, आणि पावसात जवळजवळ पाडले.

रिंग एका परिचितांना हवी होती. त्यांची गाडी प्रदर्शनात उभी असते, घाटात जात नाही, म्हणून दिली. फक्त तिन्ही पट्ट्यांचे स्क्रू दर महिन्याला आवळून पाहा, असे सांगितले. माझ्याकडे असताना दोनदा ढिले झाले होते.

आज बुचे काढली. थंड असताना लिव्हरचे अंतर ४५ मिलिमीटर.